पाठमोऱ्या वानखडेबाई

वानखडेबाईंना मी प्रथम पाहिले ते पाठमोरे. शनिवार पेठेतील आमच्या नाट्यमंडळाच्या तालमीच्या खोलीत एक वेताची खुर्ची भिंतीला तोंड करून ठेवलेली होती आणि तिच्यावर एक बाई आमच्याकडे पाठ करून ताठ बसल्या होत्या. करड्या केसांचा घट्ट अंबाडा, त्यावर अबोलीचा छोटासा गजरा आणि खांद्यावरून चापून घेतलेला पदर, एवढेच त्यांचे दर्शन मला घडले. मी उंबरठ्याशी वहाणा काढल्या आणि म्हणालो, "नमस्कार. मी..."

"थांबा! नाव सांगू नका," पाठमोरी मूर्ती बोलली. "येताना वाटेत काय दिसलं, ते सांगा."

मी गोंधळलो. नदीकाठच्या देवळात अभिषेक चालू होता, गाभाऱ्यात समईची वात पुढे सारताना पुजाऱ्याच्या हाताला चटका बसला आणि तरीही त्याने मंत्र तोडला नाही, असे काहीसे मी सांगितले. बाई लक्षपूर्वक ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा आवाज देवघरातला आहे. याला रणांगणावर धाडू नका. फार तर राजगुरू करा."

"बाई, मी नट नव्हे. नाटक मी लिहिलेले आहे."

त्यावर त्या खुर्चीसकट वळल्या आणि खळखळून हसल्या. "अगं बाई! गुरुजी होय? मग तुम्ही बसा. बाकीच्यांनी लाइनवर राहा."

'लाइनवर राहा' हे त्यांचे पालुपद होते. धीर धरा, गप्प बसा, घाबरू नका, मी आहे, या साऱ्यांसाठी त्यांच्याजवळ हेच दोन शब्द होते. त्यांची सारी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती. दूरगावचा फोन नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे, त्या काळी पुण्यातून अमरावतीला, सोलापुरातून दिल्लीला माणसे जोडून देण्याचे काम त्यांनी केले. पुढे कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांची फोनची दुकाने निघाली, जो तो स्वतःच आकडे फिरवू लागला आणि त्यांची खोली रिकामी होत गेली. बाईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. "आयुष्यभर माणसं ऐकली, पाहिली एकही नाही," असे त्या सांगत. "पण गुरुजी, माणूस आवाजात जितका सापडतो ना, तितका तोंडावर सापडत नाही. तोंडाला आडनाव चिकटलेलं असतं."

माझे नाटक 'सारंगगडची यादवी'. सारंगगड कोणत्याही नकाशावर नाही. ते संस्थान माझ्या कल्पनेतले. वृद्ध राजा निवर्ततो, विक्रमसिंह आणि चंद्रसेन हे दोघे भाऊ गादीसाठी एकमेकांवर उठतात, प्रजा दुभंगते आणि शेवटी गडाच्या दारात धाकट्याचा वध होतो, असे त्याचे कथानक. संस्कृत शिकवण्यात जन्म गेल्यामुळे भाषा थोडी जडावली होती, हे मला ठाऊक आहे. मंडळाने ते करावयाचे ठरवले आणि दिग्दर्शनासाठी कोणी तरी वानखडेबाईंचे नाव सुचवले. कार्यालयीन नाट्यस्पर्धांत त्यांनी बरीच नाटके बसवली होती.

पहिल्या वाचनानंतर त्यांनी मला विचारले, "गुरुजी, भांडण दोघा भावांचं. मग मेलं कोण?"

"चंद्रसेन."

"तो शेवटच्या अंकात. त्याच्या आधी?"

"सैनिक."

"त्यांची नावं?"

मी संहिता चाळली. 'पहिला सैनिक, दुसरा सैनिक' यापलीकडे तीत काही नव्हते.

"बाप्पा! इतकी माणसं मेली आणि नाव एकाचंही नाही?" बाईंच्या तोंडून संतापात वा आनंदात वऱ्हाडी उसळे, एरवी पुण्यातल्या इतक्या वर्षांनी त्यांची भाषा पेठेतल्यासारखीच झाली होती. "यांचं बारसं करून आणा. मगच पुढची तालीम."

त्या रात्री देवापुढे निरांजन लावून मी बसलो आणि सैनिकांना नावे देऊ लागलो. तोफेवर दाऊद आला, पखाल वाहणारा यल्लप्पा आला, धनुष्य घेऊन डोंगरातला सोमा भिल्ल आला, नगारा वाजवणारा राणोजी आला. कोणाची आई आंधळी निघाली, कोणाचे लग्न ठरलेले निघाले. प्रत्येकाला एकेक वाक्य दिले. नामकरण हा संस्कार आहे हे मी जन्मभर शिकवीत आलो होतो. त्यातला आनंद मला त्या रात्री उमगला. उजाडले तेव्हा माझ्या नाटकात प्रथमच एक राज्य वसले होते.

पात्रे निवडतानाचा बाईंचा नियम एकच होता, "नाव नंतर, आधी आवाज." येणाऱ्याने दाराशी उभे राहून बोलावयाचे, बाईंनी भिंतीकडे पाहत ऐकावयाचे आणि भूमिका सांगून झाल्यावरच वळावयाचे. अशा रीतीने चंद्रसेनाचे काम गेले मार्केट यार्डात फळांच्या सौद्याचा पुकारा करणाऱ्या रशीदभाई बागवानांकडे. संत्री घ्यायला गेल्या असता ढिगाआडून त्यांचा आवाज बाईंनी ऐकला होता आणि चाचणीला या, असे सांगून आल्या होत्या. "बाई, राजा व्हायला किती वेळ लागेल?" रशीदभाईंनी विचारले. "सकाळी माझी गाडी खाली व्हायची असते." राजमातेचे काम गेले येरवड्याच्या एका परिचारिकेकडे, तिची घरची भाषा तमिळ, पण सांत्वनाचा सूर असा की ऐकणाऱ्याने निम्मे दुखणे विसरावे. आणि थोरल्या महाराजांचे, म्हणजे विक्रमसिंहाचे, काम मिळाले प्रफुल्ल इंगोले या यवतमाळकडच्या तरुणाला. तो हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत नोकरीस होता आणि तालमीच्या खोलीच्या वरच्याच मजल्यावर भाड्याने राहत असे.

तो बिचारा घाबरून गेला. "मॅडम, मला ॲक्टिंगचा काहीच एक्सपीरियन्स नाही. माझं मराठी ऐकून तर ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये लोक हसतात."

"हसू दे. शब्द गुरुजींचे बोल, आवाज तुझा लाव. आणि घाबरून काहून राहिला? लाइनवर राहा."

आता नाना खांबेट्यांविषयी सांगितले पाहिजे. नाना आमच्या मंडळाचे अध्यक्ष. उंच, गोरे, धारदार नाकाचे. मंडळाच्या प्रत्येक ऐतिहासिक नाटकात राजा तेच होत आणि पोशाखाच्या मोठ्या ट्रंकेची किल्ली त्यांच्याच जानव्याला बांधलेली असे. चाचणीच्या दिवशी तेही गमतीने दाराशी उभे राहिले. निकाल त्यांना ठाऊकच होता. त्यांनी एक पल्लेदार स्वगत म्हटले. खोलीतली तावदाने थरथरली.

बाई भिंतीकडे पाहतच म्हणाल्या, "भक्कम आवाज आहे. दार राखायला उत्तम. समोरच्याचं ऐकून घेत नाही, म्हणजे द्वारपालच." मग वळल्या. बाईंनी नानांना आपादमस्तक न्याहाळले आणि शांतपणे म्हणाल्या, "नाना, तुम्ही होय? मग तर नक्कीच."

"बाई, ऐतिहासिक नाटकात राजा राजासारखा दिसावा लागतो," नाना म्हणाले.

"तुम्ही पाहिलाय?"

"काय?"

"राजा."

"मी नसेल पाहिला. पुण्यानं पाहिलाय. माझ्या रूपात, वर्षानुवर्षं." एवढे बोलून नाना किल्लीसह निघून गेले.

ट्रंक बंद आणि पोशाखाविना प्रयोग होणे अशक्य. मी हबकून गेलो. बाई मात्र दुसऱ्याच दिवशी संत्री घेऊन नानांकडे गेल्या. मीही बरोबर होतो. नाना झोपाळ्यावर बसले होते. त्यांची सून, मुग्धा, पाणी ठेवून खालमानेने आत गेली. ती मोठ्या कंपनीत अधिकारी आहे असे ऐकून होतो. त्या घरात मात्र तिचा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

बाईंनी मनधरणी केली नाही. त्या म्हणाल्या, "नाना, तो पोरगा चांगलं बोलतो, पण चालतो कारकुनासारखा. राजाची चाल पुण्यात एकालाच येते. त्याला शिकवाल?"

नानांचा झोपाळा थांबला. "पाठीला पोक आहे त्याच्या. दिवसभर त्या संगणकापुढे वाकून बसतात ही मुलं."

"म्हणून तर आले."

"शिकवीन. पण दोन अटी. पोशाखांची आणि पागोट्यांची पूजा झाल्याशिवाय पडदा वर जायचा नाही. ही मंडळाची रीत आहे. आणि प्रयोगात एक जरी फजिती झाली, तरी पुढल्या वर्षापासून पात्रं मी निवडीन. तोंड पाहून, नाव विचारून, पूर्वीसारखी."

बाईंनी संत्र्यांची पिशवी झोपाळ्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "कबूल."

परतताना मी विचारले, "बाई, एवढी मोठी अट आपण का मान्य केलीत?" तेव्हा चालता चालता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. लग्न होऊन नव्याने पुण्यात आल्या, तेव्हा कार्यालयाच्या नाटकात राणीचे काम मागायला त्या गेल्या होत्या. सारे भाषण पाठ करून गेल्या. ऐकणारे म्हणाले, बाई, तुमची बोली त्या बाजूची, तुम्ही मोलकरीण करा, लोक हसतील. "केली, गुरुजी. हशाही घेतला, टाळ्याही घेतल्या. वाईट काहीच झालं नाही. पण राणीचं भाषण मले पाठ होतं ना, ते तसंच आत राहिलं. आता कोणाचं आत राहू नये, एवढंच." हे सांगताना त्यांच्या स्वरात कडवटपणाचा लवलेश नव्हता, लगेच त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून भेळ घेतली आणि तिखट कमी आहे म्हणून दुकानदाराशी वाद घातला.

तालमी मोठ्या मौजेच्या झाल्या. द्वारपालाचे काम मुकाट्याने पत्करलेले नाना प्रफुल्लच्या डोक्यावर तांब्या ठेवून त्याला खोलीभर चालवीत. "अहो महाराज, राज्यावर निघालात की बसच्या रांगेत?" असे खवचटपणे विचारीत. रशीदभाई संवाद म्हणता म्हणता सौद्याच्या लयीत जात आणि सारे हसत सुटत. एक अडचण होती: नट थोडे, सैन्ये दोन. म्हणून बाईंनी युक्ती काढली. तेच सैनिक पांढरी पागोटी घालून विक्रमसिंहाच्या बाजूने लढत, मागच्या पडद्याआडून पळत जात आणि किरमिजी पागोटी चढवून चंद्रसेनाच्या बाजूने प्रवेश करीत. शेवटच्या लढाईसाठी मंडळातली येतील तेवढी माणसे गोळा करून खरोखरीच दोन फळ्या उभ्या करावयाच्या होत्या. त्यासाठी बांधून तयार केलेली पागोटी दोन टोपल्यांत होती. रंगमंचाच्या डाव्या अंगाला पांढरी, उजव्या अंगाला किरमिजी.

प्रयोगाचा दिवस उगवला. नाट्यगृह भरले. पडद्यामागे नटराजाची मूर्ती मांडून मी पूजेला बसलो. नानांच्या आग्रहावरून दोन्ही टोपल्या रित्या करून सारी पागोटी देवापुढे एका पाटावर रचली होती. प्रत्येकावर गंधाक्षता पडल्या, धूप दरवळला, नारळ वाढवला. पहिल्या अंकाला लागणारी पागोटी नटांनी तिथूनच उचलली. तेवढ्यात तिसरी घंटा झाली, धावपळ उडाली आणि उरलेली पागोटी चार हातांनी भराभर टोपल्यांत भरली. सारे पुढे व्यवस्थित चालले होते. प्रफुल्ल नानांच्या चालीने चालला, तेव्हा नाट्यगृहात कुजबुज उठली. दाऊद गोलंदाज मरताना आपल्या तोफेला मुलीच्या नावाने हाक मारतो, तिथे बायकांनी डोळे टिपले.

मग शेवटची लढाई आली. अंधारात टोपल्यांत हात घालून सैनिकांनी पागोटी चढवली, नगारा झडला, प्रकाश आला. आणि मी विंगेत उभ्याउभ्या थिजलो. डावीकडच्या फळीत निम्मी पागोटी किरमिजी, उजवीकडच्या फळीत निम्मी पांढरी! पूजेनंतरच्या घाईत कोणीच रंग पाहिला नव्हता. सैनिकांनी तलवारी उपसल्या, पुढे झेपावले आणि मध्येच थबकले. कोणी कोणावर वार करावा, कळेना. यल्लप्पा तर आपल्याच फळीतल्या गड्यावर तलवार उगारून, समोरचे पागोटे पाहून, "अरे, तू कुठला?" असे मोठ्याने विचारून मोकळा झाला. प्रेक्षागृहात हशा पिकला.

फजिती झाली होती. बाई विंगेत माझ्या शेजारीच उभ्या होत्या. गडाच्या दरवाज्याशी भाला घेऊन उभे असलेले नाना विंगेकडे पाहत होते. अट दोघांनाही आठवत असणार. बाई तरीही पुटपुटल्या, "लाइनवर राहा. सगळ्यांनी लाइनवर राहा."

आणि रशीदभाईंनी तलवार खाली घेतली. मार्केट यार्डात कोलाहलावर मात करणारा तो आवाज आता अगदी हळू आला. "दादासाहेब, यातले आपले कोणते आणि माझे कोणते, ते आता आपणच निवडून सांगा."

हे वाक्य माझे नव्हते. प्रफुल्लला पुढचे वाक्य आठवेना. पुढचे वाक्य नव्हतेच. त्याने एकेका सैनिकाच्या चेहऱ्याकडे पाहिले. माझी सारी संस्कृतप्रचुर भाषा गळून पडली आणि तो आईशी फोनवर बोलतो तसे बोलला. "काय निवडू, भाऊ? मले तर सारेच आपले दिसून राहिले."

हशा थांबला. एवढ्या मोठ्या नाट्यगृहात पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागली. आता सारे नानांच्या हाती होते. संहितेप्रमाणे द्वारपालाने विचारावयाचे, विजयी कोण. आणि एकासाठीच दार उघडावयाचे. त्यांनी ते वाक्य म्हटले असते, तर प्रसंग तिथेच कोसळला असता आणि पुढल्या वर्षीचा राजा घरी बसल्या ठरला असता. नानांनी बाईंकडे एकवार पाहिले. भाला टेकून ठेवला. मग दोन्ही हातांनी दोन्ही दारे भिंतीवर आदळतील इतक्या जोराने उघडून, तावदाने थरथरवणाऱ्या त्या आवाजात ते गर्जले, "सारंगगडाचं दार पागोट्याचा रंग विचारत नाही! या, सगळे आत या!"

टाळ्या किती वेळ चालल्या हे मला सांगता येणार नाही. चंद्रसेन मरावयाचा राहून गेला आणि त्याच्या चितेपुढे म्हणण्यासाठी मी रचलेला विलाप आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. तो तिथेच शोभतो. मी नटराजापुढे हात जोडले. पूजेत विघ्न आले असे त्या रात्री कोणाला वाटले नाही. देवाने प्रसाद दिला असेच वाटले.

बाई मात्र अटीला पक्क्या. पडदा पडताच नानांसमोर जाऊन म्हणाल्या, "फजिती झाली, नाना. पुढल्या वर्षी पात्रं तुम्ही निवडा."

"निवडणारच," नाना भाला पुसत म्हणाले. "त्या खुर्चीवर बसून निवडीन. भिंतीकडे तोंड करून. आणि बाई, द्वारपालाला टाळी पडली ती ऐकलीत ना? की तेव्हाही पाठ फिरवली होती?"

पुढचे सगळे प्रयोग तसेच झाले. पूजा झाली की पागोटी मुद्दाम एकत्र कालवायची आणि न पाहता उचलायची, अशी रीतच पडली. नाना काही खुर्चीवर बसले नाहीत. बाईंनाच बसवत आणि मागून टोमणे मारत. पुढे बाई लेकाकडे अमरावतीला राहायला गेल्या, तरी चाचणी सुटली नाही. मोबाईल फोन एव्हाना सर्वांच्या हाती आले होते. येणारा उमेदवार खोलीत फोनवर बोले आणि अमरावतीहून उत्तर येई, "हा सेनापती. पण त्याले म्हणा, आधी पाणी पी." त्यांच्या दृष्टीने हे आपल्या जुन्या नोकरीवर पुन्हा रुजू होणेच होते.

एकदा त्यांनी मला अवेळी फोन केला. आवाज थकलेला होता. मी भीत भीत विचारले, "बाई, ते राणीचे भाषण अजून आठवते?" मग त्या हसल्या आणि म्हणू लागल्या. मी नकळत भिंतीकडे वळून बसलो आणि डोळे मिटले. अमरावतीच्या एका खोलीत, अंथरुणावर पडून, एक राणी आपल्या प्रजेचा निरोप घेत होती. एकही शब्द विसरली नाही. "झालं बाप्पा," शेवटी त्या म्हणाल्या. "आता आत काही राहिलं नाही." काही आठवड्यांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या होत्या.

त्या वर्षी 'यादवी' पुन्हा करायची ठरली आणि वेताच्या खुर्चीवर, कोणी न सांगता, नाना जाऊन बसले. प्रफुल्ल आता परदेशी होता, रशीदभाईही वयामुळे थांबले होते. आधी थोरल्या महाराजांसाठी आवाज हवा होता. एकामागून एक उमेदवार आले. नाना "नाही" म्हणत राहिले. मग दाराशी एक आवाज उमटला. तो शांत होता, दमदार होता आणि बोलताना जणू समोरच्याचे ऐकूनही घेत होता. नाना ताठ झाले. शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "हेच महाराज. यात वाद नाही."

आणि ते वळले. दारात त्यांची सून मुग्धा उभी होती. कार्यालयातून परस्पर आलेली, गळ्यात ओळखपत्र, हातात स्कूटरची किल्ली.

नाना खुर्चीतून अर्धवट उठले, पुन्हा बसले. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "गुरुजी, इतकी वर्षं एका घरात राहतो. हा आवाज मी ऐकलाच नव्हता."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्यांची पाठ आता ताठ होती आणि स्वर पुरता वानखडेबाईंचा.

"लाइनवर राहा, महाराज," ते सुनेला म्हणाले. "आता तुमचा भाऊ शोधतो."